चित्रकथांच्या जत्रेत मराठीचं टेबल हवं

महादेवपुरा, बंगळुरू

मराठी प्रकाशक, बालमासिकांचे संपादक आणि मुलांच्या पुस्तकांचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत अशा सर्वांस,



आपल्यापैकी बहुतेकांची कार्यालयं पुण्या-मुंबईत आहेत. मी राहते बंगळुरूच्या पूर्वेला, महादेवपुऱ्यात. आयटी पार्कच्या आसऱ्याने इथे मराठी घरं वाढत गेली आणि आता संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत कन्नड, तेलुगू, हिंदीच्या जोडीला मराठीही हमखास कानावर पडते. या घरांतली मुलं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. त्यात मुलांचा आळस नाही. त्यांच्या वयाचं, त्यांना आपणहून हातात घ्यावंसं वाटेल असं मराठीत फार थोडं निघतं आणि जे निघतं ते इथवर पोचत नाही. मला आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, चित्रकथेबद्दल. आपण सगळे जिला कॉमिक्स म्हणतो तीच.

निमित्त घडलं ते इथल्या कॉमिक कॉनचं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला मी यंदा पहिल्यांदा तिथे घेऊन गेले.

ज्यांनी ही जत्रा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भारतातली पहिली कॉमिक कॉन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्ली हाटला भरली. 2012 मध्ये ती बंगळुरूत आली आणि पुढे व्हाइटफील्डच्या केटीपीओ प्रदर्शन केंद्रात भरू लागली, म्हणजे आमच्या महादेवपुरा भागातच. 2023 मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत आली, त्यामुळे आता मुलांना घेऊन जाणं पुष्कळच सोपं झालं आहे. आत एका बाजूला मोठ्या कंपन्यांचे झगमगते मंडप असतात, गेमिंगचे पडदे, खेळणी, टी-शर्ट. गर्दी तिथेच जास्त. पण दुसऱ्या बाजूला लहान लहान टेबलांच्या रांगा असतात आणि तिथे चित्रकार स्वतः बसलेले असतात. स्वतः काढलेली, बरेचदा पदरमोड करून छापलेली पुस्तकं त्यांच्यापुढे मांडलेली असतात. मूल टेबलापाशी घुटमळलं की ते मान वर करतात, नाव विचारतात आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या नावासकट एक चित्र काढून देतात. पुस्तक करणारा माणूस हाडामांसाचा असतो, त्याच्या बोटांना शाई लागलेली असते, चित्र काढताना तो जीभ दातांखाली धरतो, हे मुलांना इतक्या जवळून दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. एवढ्यासाठीच प्रत्येक आईवडिलांनी मुलांना एकदा तरी तिथे न्यावं, असं माझं ठाम मत आहे.

न्यायचं तर सकाळी दार उघडताच न्यावं. दुपारनंतर गर्दीत लहान मुलाला माणसांच्या कमरेपलीकडचं काही दिसत नाही. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहावा. मुखवटे घालून हिंडणारी माणसं पाहून मूल बिचकतं, तेव्हा आधी घरी चित्रं दाखवून ठेवावीत. आणि कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारायचं, हे बजावून ठेवावं. वेशभूषा करून आलेले लोक मुलांशी फार प्रेमाने वागतात, याचा अनुभव मला आला.

लेकीनेही वेश केला होता. फास्टर फेणेचा. भा. रा. भागवतांची ती पुस्तकं तिचे बाबा तिला रात्री वाचून दाखवतात, आणि बनेश फेणे तिच्या मनात असा ठसला आहे की दुसरं कुणी व्हायचा विचारही तिने केला नाही. चौकड्यांचा शर्ट, अर्धी चड्डी आणि हातात जुन्या सायकलची काढून घेतलेली घंटी. स्पायडरमॅनच्या आणि नारुतोच्या त्या गर्दीत ती घंटी वाजवत ऐटीत चालली होती. लोक थांबवून विचारत, तू कोण? ती इंग्रजीत सांगे, कुणी कन्नड बोललं तर मोडक्या-तोडक्या कन्नडमध्ये सांगे. एक उंच तरुण लाल मुखवटा घालून समोरून आला, तिच्याकडे बघून थबकला, मुखवटा कपाळावर सरकवला आणि फेणेच्याच थाटात म्हणाला, ‘‘ट्टॉक!’’ सोलापूरचा निघाला तो. दोघं पाच मिनिटं गप्पा मारत उभी होती. तिच्यासाठी तो दिवसाचा कळस होता.

त्यानंतर एका टेबलापाशी ती रेंगाळली. तिथली चित्रकार मुलगी बंगळुरूचीच होती, कन्नड बोलणारी. तिने लेकीची सगळी गोष्ट नीट ऐकून घेतली, घंटी वाजवून बघितली आणि मग कुतूहलाने विचारलं, ‘‘याचं पुस्तक इथे कुठल्या टेबलावर आहे? मला चित्रं बघायची आहेत.’’ लेक माझ्याकडे वळली. तिला वाटलं असणार की आईला माहीत असेल. एवढी टेबलं आहेत, कुठल्या तरी एकावर असेलच.

आम्ही सगळ्या रांगा फिरलो. इंग्रजी होतं, हिंदी होतं, जपानी मांगाची इंग्रजी भाषांतरं ढिगाने होती. आम्ही पाहिलेल्या एकाही टेबलावर मराठीतलं एक पानही नव्हतं. फास्टर फेणेचं राहू द्या, कुणाचंच नव्हतं.

यात भरवणाऱ्यांचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. टेबल ज्याला हवं त्याने मागायचं असतं. आपण मागितलं नाही. आणि इथे कन्नडच्या जागेवर मला मराठी हवी आहे असाही कुणी अर्थ काढू नये. हे शहर कन्नडचं आहे. माझी लेक मेट्रोच्या पाट्या कन्नडमधून वाचते, शाळेत कन्नड शिकते आणि मला त्याचा आनंद आहे. तिची मराठी मात्र शाळा देणार नाही, शहर देणार नाही. ती घराने द्यायची आणि घराला ती देताना आपली, म्हणजे प्रकाशकांची, मदत लागते. ती मदत मी मागते आहे.

आपल्याकडे चित्रकथेची परंपरा नाही, असं कुणी म्हणणार असेल तर ते खरं नाही. भारतातल्या मुलांनी गेल्या अर्धशतकात ज्या चित्रांवर जीव टाकला त्यातली कितीतरी मराठी हातांनी काढलेली आहेत. अनंत पै यांच्या अमर चित्रकथेतला कृष्ण राम वाईरकरांनी काढला आणि टिंकलमधला सुपंडीही त्यांनीच रेखाटला. शिकारी शंभूच्या डोळ्यांवर आलेली टोपी वसंत हळबे यांच्या हातची. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. राज कॉमिक्सच्या नागराजचे कित्येक अंक प्रताप मुळीक यांनी रंगवले. ही नावं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या मुलांना सुपंडी माहीत असतो, वाईरकर माहीत नसतात. चित्रकार मराठी मातीतले, पण मूळ संहिता इंग्रजी नाहीतर हिंदी. मराठीत जे आलं ते मागाहून, भाषांतर होऊन. उलटं का झालं नाही? या माणसांना मराठीतून लिहिलेली, त्यांच्या तोलाची संहिता आपण का दिली नाही?

आणि प्रादेशिक भाषेतून सुरुवात केली म्हणून कुणाचं नुकसान झालं, असंही दिसत नाही. अमर चित्रकथेचा आरंभ सांगताना सगळे 1967 आणि मुंबई सांगतात. पण त्याआधी, 1965 मध्ये, याच बंगळुरूत जी. के. अनंतराम या पुस्तक व्यवसायातल्या माणसाने पुढाकार घेतला आणि त्या नावाची पहिली पुस्तकं कन्नडमध्ये निघाली. परकीय गोष्टींचीच रूपांतरं होती ती, पण कन्नड मुलांनी कन्नडमधून वाचली. पुढचा सगळा पसारा त्यानंतरचा आहे.

मराठीत वाचक नव्हता का? होता. इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू झाली आणि 1990 मध्ये बंद पडली. त्या काळात वेताळ आणि मँड्रेक मराठीतून वाचत मोठी झालेली पिढी आज साठीच्या घरात आहे आणि जुने अंक अजून जपून ठेवते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि पाहता पाहता घराघरातला झाला. मोठी माणसं पहिलं पान सोडून आधी चिंटू वाचत. 2012 मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांच्या चित्रांसाठी लोकांनी दिवाळी अंक विकत घेतले. रेषेवर एवढं प्रेम करणाऱ्या या वाचकाला आपण एका चौकटीच्या पुढे फारसं काही देऊ केलं नाही. चौकटीला चौकट जोडून गोष्ट सांगायची, तिला बत्तीस-चाळीस पानं द्यायची, पुढच्या महिन्यात पुढचा भाग आणायचा, हे सातत्याने कुणी केलं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचायला मिळतात, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. आमच्या घरात ते वाचले जातात. पण एका मासिकाने सगळा भार किती काळ वाहायचा?

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आता सांगते. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, अशी ती जवळजवळ पूर्ण संवादात आहे. चित्रकथेसाठी याहून तयार संहिता मराठीत शोधून सापडणार नाही. तिची चित्रकादंबरी झालीही, 2011 मध्ये, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी केली, ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ या नावाने. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढली, इंग्रजीत. त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाने बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ काढलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चौकटीच मोडून टाकल्या आहेत, पानभर झाडं आणि प्राणी वळणं घेत गोष्ट सांगतात. सातारा, गोरेगाव, महाड, सगळं आपल्या नकाशातलं. ज्यांनी ही पुस्तकं केली त्यांना माझा नमस्कार. प्रश्न आपल्यासाठी आहे. फुल्यांच्या आणि आंबेडकरांच्या भूमीत, त्यांच्या भाषेत, हे करावं असं आपल्यापैकी कुणाला आधी का सुचलं नाही? मुंबईच्या अभिजीत किणींनी ‘अँग्री मौशी’ काढली, तीही इंग्रजीत. मौशी आपली, शहर आपलं. मराठीत अशा पुस्तकाला प्रकाशक मिळेल असा भरवसा आपण तरुण चित्रकारांना दिला असता, तर त्यांनी मराठीचा विचार केला नसता का?

मी एका प्रकाशन संस्थेत फोन करून विचारलं होतं, आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रकथा आहेत का? पलीकडच्या गृहस्थांनी आदराने सांगितलं, ‘‘ताई, चित्रकथा आता कोण घेतं? मुलं मोबाइल बघतात. शिवाजी महाराजांवरचं आहे एक, ते पाठवू का?’’ शिवाजी महाराजांवरचं आमच्याकडे आहे. ते हवंच, आणि संतांवरचंही हवं. पण नऊ वर्षांच्या मुलीला रोजच्या जगातली गोष्टही हवी असते. पुण्यातल्या वाड्यातली भुताटकी, कोकणात एसटीने जाणारी भावंडं, वेरुळच्या लेण्यांत हरवलेला मुलगा, विदर्भातल्या जंगलात वाघाच्या मागावर असलेली वनरक्षक बाई. आणि हो, महादेवपुऱ्यात राहणारं मराठी पोरगंही, ज्याचा जिवलग मित्र कन्नड आहे आणि ज्याची आजी सुट्टीत सांगलीहून येते. अशा गोष्टी लिहिणारे मराठीत आहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

राहता राहिला मोबाइल. त्या दिवशी प्रदर्शनाच्या सभागृहात हजारो मुलं आणि तरुण पैसे मोजून कागदावरची पुस्तकं घेत होते. मोबाइल त्यांच्याही खिशात होता. तमिळमध्ये शिवकाशीची मुत्तू कॉमिक्स 1972 मध्ये सुरू झाली आणि तिच्या जोडीची लायन कॉमिक्स आजही निघते. इटलीचा टेक्स विलर तिथली माणसं तमिळमधून वाचतात. बंगालीत नारायण देबनाथांनी 1962 मध्ये ‘हांदा भोंदा’ आणि 1965 मध्ये ‘बाटुल’ सुरू केलं आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ काढलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मल्याळी मुलांना ‘बालरमा’तला मायावी आणि लुट्टापी ठाऊक नाही असं होत नाही. बेल्जियममध्ये डच बोलणारे लोक सत्तर लाखांच्या आतबाहेर असतील. त्यांची ‘सुस्के एन विस्के’ ही मालिका 1945 पासून चालू आहे, तीनशेहून अधिक पुस्तकं झाली. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते. त्यातले सुमारे वीस लाख एकट्या कर्नाटकात. बाजार नाही हे उत्तर मला पटत नाही.

चित्रकथाच का, साधी गोष्टीची पुस्तकं का नाहीत, हे सांगायला हवं. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या कानावर घरातल्या दोन-तीन माणसांचीच मराठी पडते. आईबाबांची मराठी म्हणजे जेव, आवर, अभ्यास कर. दोन मुलं भांडताना काय बोलतात, दुकानदार गिऱ्हाइकाला कसं परतवतो, म्हातारी शेजारीण कशी चौकशी करते, मैत्रीण रुसली की काय म्हणते, हे त्याच्या कानावर येत नाही, कारण इथला रस्ता मराठी बोलत नाही. चित्रकथा सगळी बोलण्यानेच भरलेली असते. कोण बोललं, रागाने की लाडाने, हे शेजारच्या चेहऱ्यावर दिसतं. शब्द अडला तरी चित्र पुढे नेतं. जोडाक्षरापाशी ठेचकाळणारं मूल तिथे पुस्तक मिटत नाही. माझ्या लेकीने ‘चिंटू’च्या संग्रहातून उचललेली वाक्यं ती आजीला फोनवर ऐकवते, आणि आजी हसून विचारते, हे तुला कुणी शिकवलं? कुठल्याही पाठ्यपुस्तकाने ही बोलण्यातली मराठी तिला दिलेली नाही.

म्हणून काही विनंत्या करते. त्या खर्चाच्या आहेत हे मला कळतं, पण सगळ्या काही खर्चाच्या नाहीत.

मूळ मराठीत लिहून घ्या. भाषांतर करायचंच तर संवादाचे फुगे नव्याने काढा. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात देवनागरी कोंबली की वेलांट्या वरच्या ओळीला आणि उकार खालच्या ओळीला टेकतात, अक्षर बारीक करावं लागतं, आणि जिला आधीच वाचायला कष्ट पडतात त्या मुलीला ते पान म्हणजे भिंत वाटते. आमच्या घरातल्या एका भाषांतरित पुस्तकात ‘दुष्ट’ हा शब्द इतका चेपून बसवला आहे, की लेक तो ‘दुध’ वाचत होती आणि खलनायकाला सगळे दूध का म्हणतात हे तिला कळेना. हाताने अक्षरं काढणारे चांगले सुलेखनकार महाराष्ट्रात आहेत. त्यांना चित्रकाराइतकाच मान आणि मोबदला द्या. आणि दार आपटलं, भांडं पडलं, कुणी चिखलात घसरलं तर आवाज मराठीच होऊ द्या. धाडकन, खळ्ळकन, सप्पकन यांची आपल्याकडे काय कमी आहे?

चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर छापा, लेखकाच्या नावाएवढ्याच अक्षरात. एकरकमी पैसे देऊन हक्क कायमचे घेण्याची पद्धत सोडा, प्रत्येक आवृत्तीमागे त्यांना वाटा मिळू द्या. चित्रकथेचं एक पान करायला गोष्टीच्या दहा पानांहून जास्त वेळ लागतो. जाणकार चित्रकार जाहिरातीकडे आणि गेमिंगकडे का वळतात, हे वेगळं सांगायला नको.

जाड पुठ्ठ्याचं, भेट द्यायला बरं दिसणारं एकच महाग पुस्तक काढू नका. पातळ, स्वस्त, दप्तरात मावणारं काढा आणि त्याच्या मागे दुसरं, तिसरं येऊ द्या. मूल एका पुस्तकाने वाचक होत नाही. पुढे काय झालं हे कळायला हवं असतं, म्हणून ते वाचतं. पहिले तीन अंक नफ्याचे नसतील. एका प्रकाशकाला ते पेलणार नसेल तर चौघांनी मिळून करावं.

चौघांनी मिळून करण्यासारखं दुसरंही एक काम आहे आणि त्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहिते आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी 2025 मध्ये साहित्य संमेलन दिल्लीला भरलं. आपली भाषा महाराष्ट्राबाहेर जाऊ शकते, याचा आनंद आम्हा बाहेर राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त झाला. आता तिला मुलांच्या जत्रेतही आणा. पुढच्या कॉमिक कॉनला बंगळुरूत एक टेबल घ्या. एकट्याने परवडत नसेल तर पाच-सहा संस्थांनी मिळून एकच घ्या. जे आहे ते आणा: चिंटूचे संग्रह, किशोरचे अंक, फडणीसांची पुस्तकं, भागवतांचा फास्टर फेणे, नवं काही असेल तर तेही. टेबलावर बसायला एखादा तरुण चित्रकार पाठवा, जो मुलांशी मराठीत बोलेल आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहून देईल. ‘इथे मराठी पुस्तकं मिळतील’ एवढी पाटी मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. कन्नड मुलंही येतील, चित्रं बघतील, आणि एखादा कन्नड प्रकाशक तुमच्याकडे भाषांतराचे हक्क मागेल. मुंबईच्या जत्रेत तर आपलं टेबल असायलाच हवं, ते वेगळं सांगत नाही.

आमच्याकडून जे होईल ते आम्ही करू. पुस्तकांची खोकी आधी पाठवलीत तर ती माझ्या घरी उतरवून घेते. इथून प्रदर्शन केंद्र जवळ आहे, दोन्ही दिवस सकाळी ने-आण करायला आमच्या सोसायटीतली माणसं तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. येणाऱ्या चित्रकाराची राहण्या-जेवण्याची सोय आमच्या घरी होईल. टेबलावर मदतीला कॉलेजातली दोन मराठी मुलं बसतील, हिशेब ठेवतील आणि कन्नड बोलतील. उरलेली पुस्तकं परत पाठवावी लागू नयेत म्हणून आम्ही महादेवपुरा आणि व्हाइटफील्डमधल्या मराठी घरांमधून आगाऊ मागण्या गोळा करायला सुरुवात केली आहे. तुमच्याकडच्या चित्रकथांची यादी, किमती आणि कुठल्या वयासाठी आहेत हे कळवलंत, तर ती यादी दिवाळीआधी सगळ्यांपर्यंत पोचवता येईल.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
महादेवपुऱ्यातली एक मराठी आई